पावसाआधी मदतीला आलेल्यांचे आभार

पावसाआधी आमच्या छोट्या मिशनरी शाळेचे छप्पर शाकारून, नावही न सांगता गेलेल्या सर्वांचे पालक-शिक्षक संघातर्फे मनापासून आभार. फुटकी कौले बदलणे सोपे. गळतीचे मूळ बहुधा दोन छपरांच्या सांध्यातल्या पन्हळीत असते. तिथे आंब्या-फणसाचा पाला साचतो, पाणी तुंबून कौलांखाली शिरते आणि रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) कुजतात. तुम्ही आधी पन्हळ मोकळी केलीत, वाळवी लागलेल्या रिपा बदलल्यात, मगच कौले चढवलीत. हा क्रम पाळणारे आता कमीच. पश्चिमेच्या भिंतीला चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) आडोसाही केलात. गिलावा नसलेला चिरा (जांभा दगड) पाणी पितो.

विहीर साफ करून पाणी शुद्ध केलेत, त्यासाठी खास धन्यवाद, कारण चॅपेलमागची घरेही तिच्यावरच आहेत. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, फक्त वरचे पाणी तळाजवळ सोडून ढवळायचे, मग तासभर उपसा बंद. गढूळ पाण्याला एवढी मात्रा पुरत नाही, म्हणून तुम्ही आधी गाळ उपसलात.

सकाळच्या उंड्यांचे (गोल पावांचे) पैसे कोणी दिले, ते पोदेर (पाववाला) सांगत नाही. त्यांचेही आभार. बांबूची शिडी शाळेतच राहिली आहे, ती न्यावी.