बाबा, ते शुगरवालं घड्याळ घेऊ नका

आई, बाबा, सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आन फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहूनच पाठवायलेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, आन मधे टीव्ही लावू देऊ नको.

परभणीच्या दुकानातलं ते दोन-अडीच हजाराचं घड्याळ, ज्याचा व्हिडिओ मामाच्या पोरानं तुम्हाला पाठवलाय, बीपी, ऑक्सिजन, शुगर सगळं मनगटावर म्हणून, ते घेऊ नका. पैशाचं काही नाही, तेवढे मी आत्ता टाकते. पण तुम्ही त्यातला आकडा बघणार, "आज शुगर ११० आहे" म्हणणार, आन दुपारच्या जेवणात आमरसाच्या दोन वाट्या जास्त घेणार, मला माहितीय ना.

त्या घड्याळाच्या मागं हिरवा लाईट लुकलुकतो, तो कातडीवर पडतो, आतलं रक्त ठोक्यागणिक कमीजास्त होतं तसा परत येणारा उजेडही कमीजास्त होतो, त्यावरून ते ठोके मोजतं. ठोके बऱ्यापैकी बरोबर येतात, ते कबूल. पण शुगर काही त्या उजेडात दिसत नाही. आपल्या ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा थेंब लावला की पट्टीवरच्या एन्झाइमची साखरेशी रिअ‍ॅक्शन होते, त्यातून बारीकसा करंट तयार होतो आन मशीन तो मोजतं, म्हणजे थेंब लागतोच. दंडाला चिकटवायचा तो १४ दिवसांचा सेन्सर असतो ना, त्याचीपण केसासारखी तार कातडीच्या आत जाते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आन वैद्यकीय मशीनं मंजूर करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये सरळ सांगितलं, न टोचता आपलं आपण शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, वापरू नका. तिथं नाही आन आपल्याकडं अडीच हजारात, तेपण दसऱ्याच्या ऑफरमध्ये? बीपीचं तर ऐका, सॅमसंगच्या महागड्या घड्याळालासुद्धा आधी दंडाच्या मशीननं बीपी मोजून भरावं लागतं, आन दर २८ दिवसांनी परत. मग ते दंडाचं मशीनच घ्या की!

ऑफिसात एकानं असलंच स्वस्तातलं घड्याळ आणलं होतं, आम्ही ते डब्यातल्या काकडीला बांधलं. ठोके ७८, बीपी ११८/७६. काकडीची तब्येत बाबांपेक्षा चांगली निघाली. खोक्याच्या पुढं हृदयाचं मोठं चित्र आन मागं मुंगीएवढ्या अक्षरात "वैद्यकीय वापरासाठी नाही", झालं, कंपनी मोकळी.

आता टीव्ही. बत्तीस इंची नीट चालायलाय, तरी दुकानदार फोर-के, म्हणजे जास्त ठिपक्यांचा बारीक पडदा, आन एआयवाला घ्या म्हणायलाय. तुम्ही बघता काय, तर फ्री डिशवरच्या बातम्या आन आईच्या मालिका, ते सिग्नलच फोर-केचं नाही, टीव्हीत कितीही ठिपके असले तरी जे आलंच नाही ते दाखवणार कुठून. आन दिवाणापासून टीव्ही दहा फुटावर, तेवढ्यावरून त्या साईजला फरक कळायचापण नाही. आठवतंय का, २०१० च्या आसपास थ्रीडी टीव्ही निघाले होते, शोरूममध्ये काळे चष्मे घालून लोक उभे, आता घराघरात हेच येणार म्हणून? २०१७ मध्ये सोनी, एलजी दोघांनीही ते बनवायचं सोडलं, चष्मे गेले अडगळीत. स्मार्ट टीव्हीचं तर वेगळंच, २०१९ च्या डिसेंबरात काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर नेटफ्लिक्स चालायचं बंद झालं, पडदा चांगला, आवाज चांगला, नुसतं सॉफ्टवेअर म्हातारं. आपला जुना व्हिडिओकॉन, बहुतेक पैठण रोडला चितेगावच्याच कारखान्यातला, तो बिघडला की मेकॅनिक ओट्यावर बसून चहा पीत पीत सोल्डर मारून जायचा. आता पॅनल गेलं की म्हणतात नवीनच घ्या.

एआयचं तर काय सांगू, वॉशिंग मशीन कपड्याचा भार बघून पाणी ठरवतं, हे नव्वदच्या दशकातपण होतं, तेव्हा त्याला फझी लॉजिक म्हणून विकायचे. स्टिकर बदललं, किंमत वाढली.

आई, तुझा मोबाईल खराब झालेला नाही, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलाय, दिवाळीला आले की साफ करते. त्या २०० मेगापिक्सलच्या नादी लागू नको, एरवी तो कॅमेरा सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सलचाच फोटो काढतो.

मी सगळ्याच नव्या वस्तूंच्या विरोधात नाही हां. दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन ऑर्डर केलंय, सोबत ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. बाबा, पट्ट्यांचा डबा खिडकीत ठेवायचा नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या खराब होतात, आन फ्रीजमध्येपण नाही, धान्याच्या खोलीत कपाटात ठेवा, झाकण घट्ट लावून. बोट टोचायच्या आधी हात साबणानं धुवायचे, पुसून कोरडे करायचे, बोटाला गूळ नाहीतर आंबा लागलेला असला की शुगर भलतीच जास्त दाखवते आन मग रात्री अकराला मला फोन येतो. मोजमाप बरोबर असलं तरी त्यातसुद्धा थोडं इकडंतिकडं होतं, चांगल्या मशीनलाही पंधरा टक्क्यांपर्यंत सूट असते, म्हणून १४० चं १५० झालं तर घाबरायचं नाही. तीन महिन्यांनी लॅबमध्ये एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, मात्र करायचीच, ती आपल्या ग्लुकोमीटरवर होत नाही, आन "मागच्या वेळेस चांगली होती" हे कारण चालणार नाही.

पार्सल येईल तेव्हा ओटीपी आईनंच सांगायचा, बाबांनी डिलिव्हरीवाल्याला आधी चहाला बसवू नये, मागच्या वेळेस तो बिचारा अर्धा तास अडकला होता. आन मामाच्या पोराला सांगा, घड्याळ त्याला एवढं आवडलं असेल तर आधी मामाच्या हातात बांध म्हणावं, लॅबच्या रिपोर्टशी आकडा जुळला की मला पाठव.

तुमची,
ताई