शनिवारच्या डीएनए जेल प्रयोगाबाबत शिक्षक सभासदांना सूचना

संशयित शोधण्याच्या प्रकल्पासाठी १ टक्क्याचे जेल (विजेच्या साहाय्याने डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणारा जेलीसारखा थर) लागेल. ५० मिली १एक्स (वापरण्याइतपत पातळ केलेल्या) टीएई बफरमध्ये, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या द्रावणात, अर्धा ग्रॅम अ‍ॅगारोज (समुद्री शेवाळापासूनची, जेल घट्ट करणारी भुकटी) पूर्ण पारदर्शक होईपर्यंत उकळावे. साधे पाणी नको, त्यातून वीज नीट वाहत नाही. ६० अंशांपर्यंत निवल्यावरच ओतावे, नाहीतर ट्रे वाकतो. नमुने भरायच्या खाचा काळ्या, म्हणजे ऋण टोकाकडेच हव्यात. उलट ठेवल्यास ऋणभारित डीएनए मागच्या मागे बफरमध्ये निघून जातो.

लॅम्डा डीएनएचे (जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूच्या डीएनएचे) कापलेले तुकडे भरण्याआधी ६५ अंशांवर ५ मिनिटे तापवून लगेच बर्फात ठेवावेत. हे टाळू नका: तुकड्यांची एकमेकांना चिकटणारी टोके जुळली की एक जास्तीचा पट्टा उमटतो आणि मुले निर्दोष संशयितावर बोट ठेवतात. विद्यार्थ्यांचे रक्त किंवा लाळ अजिबात वापरू नये.