जुन्या फिल्म पाठवतोय

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट वाचून तू ‘टीबी परत आला का?’ विचारलंस. शेजारी तुझी आई होती, म्हणून मी बेतानेच बोललो. स्कॅनच्या खोलीत हयात गेली माझी, तेव्हा आता सविस्तर लिहितो.

सातवीत तुला मेंदूच्या आवरणाचा टीबी झाला, तेव्हा मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचला होता. खोलवर रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या त्यातूनच वर जातात. उजवीकडची एक बंद पडली आणि आतला थोडा भाग मेला. शर्टाचं बटण लावताना डावा हात अजून अडतो तो त्यामुळेच. ‘ओल्ड इन्फार्क्ट’ म्हणजे हेच, आणि ‘ग्लायोसिस’ म्हणजे तिथे धरलेला व्रण. तो यापुढेही प्रत्येक स्कॅनमध्ये दिसणार. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या किंचित मोठ्या आहेत, त्या तेव्हा पाणी अडलं होतं म्हणून. वाढल्या नसतील तर चिंता नाही.

मेंदूतल्या टीबीच्या गाठीचं मात्र नीट ऐक. औषध चालू असतानाच ती आधी मोठी झाली होती. जंतू मरत होते, पण शरीराचीच प्रतिक्रिया उसळली होती. डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या तशाच ठेवून स्टेरॉइड वाढवलं, तुझं तोंड भोपळ्यासारखं झालं. पुढे गाठ आक्रसली आणि तिच्यात कॅल्शियम साचलं. सीटीवर ती पांढरी दिसते. एमआरआयच्या एसडब्ल्यूआय नावाच्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे चित्रं काढायच्या एका पद्धतीत, काळी, आणि असते त्याहून मोठी. त्या सिक्वेन्सचा गुणच तो. काहींच्या गाठीभोवती काँट्रास्टची, म्हणजे स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधाची, कडी उपचार संपल्यावरही कित्येक महिने राहते. नुसत्या कडीवरून टीबीचं औषध पुन्हा सुरू करत नाहीत. त्रास काय होतोय ते विचारतात, जुन्या फिल्मशेजारी नवी लावून बघतात. जुन्या फिल्म हाती नसल्या की रिपोर्ट लिहिणारा बिचारा ‘क्लिनिकली कोरिलेट’, म्हणजे लक्षणांशी ताडून बघा, असं लिहून मोकळा होतो!

म्हणून सगळ्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड आज कुरिअर केलंय. डॉक्टरांना मोबाइलवरचे फोटो दाखवत बसू नकोस.

टीबी बरा झाला तरी अशा गाठीमुळे फिट येऊ शकते, हे खरं. फिटची गोळी कमी करायची की नाही ते न्यूरोलॉजिस्ट ठरवतील, तू मनाने सोडू नकोस. जागरणंही आवर. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढली, उलट्या, ताप, गुंगी किंवा एकाचे दोन दिसायला लागले, तर रूममेटला घेऊन थेट हॉस्पिटल गाठ, आम्हाला फोन नंतर.

पाकीट मिळालं की कळव.

तुझा,
बाबा