आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : मणक्यात काय सोडलं, ते पेशंटच्या हातात लिहून द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आईच्या आजारपणात जे पाहिलं, ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

माझी आई 61 वर्षांची आहे. उभा जन्म खुरपणीत आणि वैरणीचे भारे वाहण्यात गेला. सहा-सात वर्षांपासून कंबर धरलेली. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, लेप झाले. शेवटी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, "मणक्यात गॅप आहे, नस दबलीय, इंजेक्शन देऊ, संध्याकाळी घरी." आईला दहा वर्षांपासून शुगर आहे, हे आम्ही सांगितलं होतं. एका छापील इंग्रजी फॉर्मवर तिचा अंगठा घेतला. निघताना हातात पडलं ते बिल. त्यावर दोन ओळी होत्या : प्रोसिजर चार्जेस, औषधे. तोंडी सांगितलं, आठ दिवसांनी दाखवा.

पहिले चार दिवस आई खूश होती. सातव्या दिवशी अंगात कणकण आली आणि पाठीचं दुखणं उलटून आलं, पहिल्यापेक्षा वाईट. गावातल्या डॉक्टरांनी हवेचा ताप म्हणून गोळ्या दिल्या. आशाताई सहज भेटायला आल्या होत्या. आईचं तोंड सुकलेलं पाहून त्यांनी उपकेंद्रातून मशीन आणून शुगर तपासली. आकडा आला 412. अशा इंजेक्शनात बहुधा स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध असतं, ते मणक्यात गेलं की शुगर काही दिवस चढते, रोज तपासायला हवी, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी मी तिला आंघोळ घालत होते. मांड्यांवर पाणी ओतलं तर म्हणाली, "गार ओततीयास का गं?" पाणी चांगलं कढत होतं. दुपारपर्यंत लघवी तुंबली. ग्रामीण रुग्णालयात नळी घातली, मग 108 ने आम्ही शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचलो, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मणक्यात काय सोडलं होतं? कुठल्या लेव्हलला?" मी बिल पुढे केलं. त्यांनी ते उलटं करून मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हतं.

एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पू साठलेला दिसला. पहाटे ऑपरेशन झालं, पुढे सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. आई आज वॉकर धरून परसापर्यंत जाते, डावा पाय फरफटतो. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आला असता तर पाय वाचला असता. ते दोन दिवस आम्ही घरीच होतो, महोदय. आळस म्हणून नाही. कशाची वाट पाहायची आणि कशाची नाही, हे ठाऊक नव्हतं म्हणून.

ही इंजेक्शनं बंद करा, असं माझं म्हणणं नाही. माझ्या मामांची सायटिकाची, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ अशाच इंजेक्शनने उतरली आणि ते उभे राहिले. पण जुनाट कंबरदुखीची गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने 2016 मध्येच साध्या कंबरदुखीसाठी ही इंजेक्शनं देऊ नका, तीव्र सायटिकासाठी विचार करा, असं लिहिलं. फेब्रुवारी 2025 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या तज्ज्ञगटाने जुनाट दुखण्यासाठी त्यांच्या विरोधात ठाम शिफारस केली. वेदना-उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांना ती मान्य नाही. हा वाद डॉक्टरांनी सोडवावा. पण एवढा वाद असलेला उपचार घेताना माझ्या आईला तो वाद मराठीतून, आदल्या दिवशी, कळायला नको का? 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की उपचाराचं स्वरूप, धोके आणि दुसरे पर्याय समजल्यावर दिलेली तीच संमती. न वाचता येणाऱ्या कागदावरच्या अंगठ्याला संमती कसं म्हणायचं?

आता माझी मुख्य मागणी. मणक्यात सुई घालणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने पेशंटला एक मराठी कार्ड दिलंच पाहिजे, असा नियम करा. औषधाचं नाव, बॅच नंबर, कुठल्या मणक्याला, कुठल्या बाजूने, तारीख, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. खाली ठळक अक्षरात : ताप आला, पायातली ताकद कमी झाली, जांघेत-मांडीत बधिरपणा आला, लघवी अडकली, तर आठव्या दिवसाची वाट पाहू नका, आत्ता निघा.

बॅच नंबर कशाला, असं कोणी आपल्याला विचारेल. 2012 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषध कंपनीने बनवलेल्या स्टेरॉइडच्या तीन बॅचमध्ये बुरशी निघाली. औषध मणक्यात टोचलेल्या माणसांना मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ लागला, काहींना टोचल्यावर कित्येक आठवड्यांनी. वीस राज्यांत 753 जण आजारी पडले, 64 दगावले. पण सुमारे 14 हजार लोकांना त्या बॅचची औषधं गेली होती आणि ती कोणाकोणाला गेली, याच्या नोंदी दवाखान्यांत होत्या. आरोग्य खात्याच्या माणसांनी फोन करकरून, घरं गाठून, काही आठवड्यांत बहुतेक सगळ्यांना गाठलं. डोकं दुखतंय का, ताप आहे का, असं विचारून तपासणीला बोलावलं. असं काही आपल्याकडे झालं, तर आपलं खातं कोणाला फोन करणार? माझ्या आईचा नंबर तुम्हाला कुठल्या वहीत सापडेल?

कार्डावर आणखी दोन गोष्टी हव्यात. इंजेक्शननंतर बसलं की डोकं फुटायला येतं आणि आडवं झालं की थांबतं, तर ते पित्त नाही, सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतंय. आराम-पाण्याने नाही थांबलं तर पेशंटचंच थोडं रक्त तिथे सोडून ते भोक बुजवता येतं. आमच्या शेजारच्या गावातल्या एका बाईने हे डोकं तीन आठवडे काढलं, देवऋषीपर्यंत जाऊन आली. दुसरी गोष्ट रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांची. महात्मा फुले योजनेत स्टेंट बसवलेली माणसं आता गावोगाव आहेत. क्लोपिडोग्रेलसारखी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून साधारण सात दिवस आधी थांबवली नाही, तर मणक्यात रक्त साकळून नसा दाबल्या जाऊ शकतात, आणि मग ऑपरेशनला हातात काही तासच असतात. तसंच ही गोळी मनाने बंद केली तर स्टेंट बंद पडू शकतो. दोन्हीकडून जीवाशी खेळ, म्हणून हे लिहूनच हवं.

कार्ड घेऊन पेशंट निघाला तरी पुढे वाट हवी. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि 108 च्या पथकाला एक ओळ पाठ असावी : मणक्यात सुई घेतलेला माणूस ताप किंवा बधिरपणा घेऊन आला, तर त्याला त्याच रात्री एमआरआय असलेल्या ठिकाणी पाठवायचं, "सकाळी बघू" नाही. आणि ते एमआरआय रात्री चालू असावं. आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनाही दोन तासांचं प्रशिक्षण द्या. आमच्या घरी धोक्याची पहिली घंटा आशाताईंनीच ओळखली.

नियमासाठी नवा कायदा लागणार नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत 2021 मध्ये रुग्णहक्कांची सनद घातलीच आहे, त्यात ही एक तरतूद बसेल. औषधाचा दुष्परिणाम कळवायचा राष्ट्रीय क्रमांक 1800-180-3024 आहे, तोही कार्डावर छापा. मला तो आईला घरी आणल्यावर कळला.

आपल्या कार्यालयाने बोलावलं तर मी आईची फाईल घेऊन मंत्रालयात येईन. ऑपरेशननंतरचे कागद भरपूर आहेत, जाडजूड झालीय फाईल. इंजेक्शनच्या दिवसाचा मात्र एकच आहे, ते दोन ओळींचं बिल.

आपली,
एका पेशंटची मुलगी,
जि. सोलापूर