तुलूजच्या ताईंना, फ्रेंच क्रियापदांबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण फ्रान्सला येऊ घातलेल्या मराठी पोरांच्याही ते उपयोगी पडेल.

तुलूजला नोकरीवर रुजू झालो तेव्हा क्रियापदांचे तक्ते मला तोंडपाठ होते. तुम्ही ते बाजूला ठेवायला लावलेत आणि मला व्हिक्टर ह्यूगो मंडईत नेलंत. बाजारहाट म्हणजे 'फेर ले कुर्स', स्वयंपाक 'फेर ला क्विझीन', भांडी घासणं 'फेर ला वेसेल'. एका 'फेर'वर, म्हणजे 'करणं'वर, अर्धा संसार चालतो, असं तुमचं म्हणणं.

उरलेला अर्धा 'आव्वार'वर, म्हणजे 'जवळ असणं'वर. झे फँ, झे स्वाफ, झे फ्र्वा. आपल्याला भूक-तहान लागते, थंडी वाजते. इथे माणूस ती जवळ बाळगतो, वयसुद्धा. 'झ स्वी फ्र्वा' म्हटलं तर मी थंडीने कुडकुडतोय असं नाही, मीच थंड स्वभावाचा आहे असं वाटायचं. 'त्रे' म्हणजे 'खूप', ते एरवी विशेषणाआधी येतं; मग 'फँ' (भूक) नाम असूनही 'खूप भूक' म्हणताना 'झे त्रे फँ' का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "कारण नंतर शोध, आधी जेवायला बस."

त्या जेवणाच्या टेबलावरच 'वनीर द' (शब्दशः 'कडून येणं') पक्कं झालं. 'झ व्यँ द पुने' म्हणजे मी पुण्याचा. 'झ व्यँ द माँझे' म्हणजे आत्ताच जेवलोय. तुमच्या आग्रहापुढे या दुसऱ्या वाक्याचा काही उपयोग नव्हता, ही गोष्ट वेगळी.

सगळ्यात जास्त ऋणी आहे तो 'तनीर'साठी. नुसतं 'तनीर' म्हणजे धरणं. पुढे 'आ' आला की जीव असणं: 'झ त्यँ आ तुआ', तू मला फार प्रिय आहेस. 'द' आला की वळण घेणं: 'एल त्यँ द सा मेर', ती आईच्या वळणावर गेलीय. मूळ क्रियापद तेच, शेपूट बदललं की प्राणीच बदलतो. तेव्हापासून मी वहीत एकटं क्रियापद लिहीतच नाही.

'आव्वार बो'ही तुमचंच. 'बो' म्हणजे सुंदर, पण 'झे बो एक्स्प्लिके, इल नेकूत पा' यात सुंदर काही नाही. कितीही समजावलं तरी तो ऐकत नाही! ऑफिसात हे वाक्य मनातल्या मनात फार वापरलं जातं.

कुठे काय बोलू नये हेही तुम्हीच सांगितलंत. 'झाँ ने मार', म्हणजे वैताग आला, हे मित्रांत चालेल, साहेबांच्या ईमेलमध्ये नाही. 'मला भूक नाही' हे बोलताना 'झे पा फँ' म्हणत नकाराचा 'न' गिळावा, लिहिताना मात्र 'झ ने पा फँ' असा तो जागेवर ठेवावा.

रीतसर आभारांसाठी तुम्ही दिलेलं वाक्य अजून कुणावर वापरलं नव्हतं. ते तुम्हालाच: झ त्यँ आ वू रमेर्स्ये, तुमचे आभार मला मानायचेच आहेत. रविवारी येतो. शोकोलातीन, म्हणजे चॉकलेट भरलेली पेस्ट्री, मी आणीन. पॅरिसवाले तिला 'पँ ओ शोकोला' म्हणतात, म्हणू देत.

तुमचा,
तुलूजमधला विद्यार्थी