कार्लाइलची पोरं

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर इथल्या अमेरिकन फुटबॉलबद्दल तुम्ही विचारलंत, "फुटबॉल म्हणता आणि चेंडू काखेत मारून पळता, हा कसला खेळ?" मी इकडून ओरडत होतो, तिकडे तुमचं कानातलं यंत्र नुसतं शिट्ट्या मारत होतं. शेवटी आई म्हणाली, "लिहून पाठव बाबा एकदाचं." म्हणून हा कागद.

आधी तुमच्या नातवाचं, चिनूचं. बोट बरं आहे, सूज उतरली. त्याला खेळायला पाठवलं म्हणून आई रागावली आहे, ते मला माहीत आहे.

आता खेळ. बाबा, तुमच्या कबड्डीतल्या चढाईवाल्याच्या हातात चेंडू द्या. समोर अकरा जण पकड करायला उभे, आणि चढाईवाल्याच्या बाजूचे दहा जण त्यांना अडवणार. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू त्यांचा. पूर्वी प्रयत्न तीनच असायचे, चौथा १९१२ साली मिळाला. आईची भीती काही खोटी नाही. १९०५ च्या एका हंगामात दीड डझनाच्या आसपास पोरं या खेळात मेली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बड्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून सुनावलं आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. तोवर सगळा रेटारेटीचाच मामला. आता हेल्मेटं आहेत, नियम आहेत. तरी आई, तू काळजी करणारच.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. आमच्या घरापासून वीसेक मिनिटांवर कार्लाइल नावाचं गाव आहे. तिथल्या लष्करी बराकींत १८७९ साली रिचर्ड प्रॅट नावाच्या फौजी अधिकाऱ्याने मूळ अमेरिकन, म्हणजे इथल्या आदिवासींच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. शाळा कसली! पोरं आली की आधी केस कापायचे, मग नाव बदलायचं, मग घरची भाषा बंद. आईबाप हजार-दीड हजार मैलांवर.

त्या शाळेचा फुटबॉल संघ हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया असल्या मातब्बरांशी खेळायचा. पॉप वॉर्नर त्यांचा प्रशिक्षक. पोरं अंगाने हलकी, म्हणून जोरापेक्षा वेगावर आणि डोक्यावर भर. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी काय केलं माहीत आहे? शिंप्याकडून एका जर्सीच्या कमरेला आतून इलॅस्टिक शिवून घेतलं. चेंडू आला, सगळ्यांनी घोळका केला, आणि एकाने तो डिलन नावाच्या गड्याच्या पाठीत, जर्सीच्या आत सरकवला. घोळका फुटला, जो तो पोटाशी चेंडू धरल्यासारखा पळतोय, हार्वर्डवाले ज्याला त्याला पकडताहेत आणि डिलन दोन्ही हात मोकळे सोडून पार टोकाला! सामना एका गुणाने गेला, पण हे वाचताना मी एकटाच हसत बसलो होतो. तुम्ही असता तर मांडीवर थाप मारली असतीत.

आणि १९१२ चा हंगाम! चौदा सामने, बारा जिंकले, एक बरोबरीत, एक हरले. संघात जिम थॉर्प होता, सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं जिंकून आलेला. नोव्हेंबरात सामना पडला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी. समोर फौजेचे भावी अधिकारी, आणि वूंडेड नीला फौजेने केलेल्या आदिवासींच्या कत्तलीला पुरती बावीस वर्षंही झालेली नव्हती. कार्लाइलने त्यांना २७-६ असं धुतलं. फौजेच्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर होता. थॉर्पला आडवा करायला तो आणि त्याचा एक जोडीदार धावले आणि एकमेकांवरच आदळले म्हणतात.

पुढच्या वर्षी थॉर्पची पदकं काढून घेतली. का, तर आधी दोन उन्हाळे किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता, आणि तेव्हा पैसे घेऊन खेळणारा ऑलिंपिकमध्ये चालत नसे. एकट्याचं नाव विजेता म्हणून परत लागायला २०२२ उजाडलं. माणूस १९५३ मध्येच गेला होता. मला त्याहून लागलं ते दुसरंच. १९०४ मध्ये तो कार्लाइलला आला तेव्हा आई आधीच गेलेली, आणि त्याच वर्षी वडीलही गेले. स्टॉकहोमहून पदकं घेऊन परतला तेव्हा दाखवायला आईबाप नव्हते. मी राज्य स्पर्धेतून आलो की तुम्ही ते फडतूस प्रमाणपत्र शेजारच्या काकांना दाखवायला जायचात. मला तेव्हा लाज वाटायची.

मागच्या रविवारी चिनूला तिकडे घेऊन गेलो. शाळा १९१८ लाच बंद झाली, आता लष्कराचं महाविद्यालय आहे. रस्त्यालगत शाळेतल्या मुलांचं दफनस्थान आहे. पांढरे दगड, सारख्या रांगा, काहींवर नावच नाही. २०१७ पासून काही मुलांचे अवशेष त्यांच्या गावी परत नेत आहेत. जिथून नेलं तिथलं गवत अजून नीट धरलेलं नाही. चिनूने विचारलं, "देअर मॉम डिडन्ट कम?" मी म्हटलं, मराठीत विचार. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "त्यांची आई नाही आली?"

मी त्याला काय सांगणार होतो? आम्ही आपल्या पायांनी इथे आलो, आमची भाषा कोणी काढून घेतली नाही, आम्हीच आळसाने सोडतोय. तेव्हापासून रात्री जेवताना मराठीच बोलायचं ठरवलंय. चार दिवस झाले. भात हवा असला की साहेब खुणा करतात.

बाबा, तुमच्या कबड्डी संघाचा तो फोटो आहे ना, ट्रंकेत खाली, तुम्ही डावीकडून तिसरे. मागे सगळ्यांची नावं तुमच्या हातची आहेत. धाकट्याला दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवायला सांगा. चिनूने मागितलाय. आणि कानाच्या यंत्राचा सेल बदला, तो नऊ महिने चालत नाही.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमचा,
बंड्या