फिजिओथेरपीच्या मॅडमना, बार्शीच्या पेठेतून

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "काका, बाहेर पेशंट बसलेत" म्हणून वाटेला लावता, म्हणून हे पत्र. आणि उघडं पत्र अशासाठी, की मी पुन्हा दुकानात उभा दिसायला लागल्यापासून पेठेतला जो तो कंबरेचीच चौकशी करतो. इलाज कुणाचा, पट्टा कुठला, इंजेक्शन घेतलं का, गादी जागेवर बसली का. गिऱ्हाईक ज्वारीचा भाव नंतर विचारतं. तेव्हा तुमचे आभार मानता मानता सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं म्हटलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरायची, अंगठ्याला मुंग्या असायच्या आणि शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बगलेत एमआरआयचं मोठं पाकीट. त्याआधी एका ठिकाणी ते पाकीट उघडून मला सांगण्यात आलं होतं, की मणका कामातून गेलाय, आता आयुष्यात वाकायचं नाही, आठवड्याभरात ऑपरेशन केलं नाही तर पाय जाईल. माझा पाय कुणी नीट हातात घेऊन पाहिलाही नव्हता. बायको घरी येऊन देवापाशी बसली आणि मी दुकान कुणाला चालवायला द्यायचं याचा विचार करू लागलो.

तुम्ही पाकीट बाजूला ठेवलंत. आधी टाचांवर चालायला लावलंत, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर ओढायला सांगून त्यावर स्वतःच्या बोटाने जोर लावलात, गुडघ्याला आणि घोट्यामागे हातोडीने टकटक केलंत. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचललात आणि कळ नेमकी कुठे सुरू होते ते विचारलंत. मग प्रश्न. लघवी साफ होते ना? अडकते का? नकळत होते का? बसायची जागा, जांघेच्या आतला भाग बधिर वाटतो का? दोन्ही पायांतली ताकद कमी झालीय का? बायकोसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुम्ही मात्र सरळ सांगितलंत, की यातलं एक जरी नव्याने सुरू झालं, तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, सकाळची वाट बघायची नाही, मला फोन करत बसायचं नाही, मणक्याचं ऑपरेशन होतं त्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. कंबरेच्या खालच्या भागात नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेला तर तासातासाला नुकसान वाढतं आणि मग लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही.

पुढे ताप, घटलेलं वजन, पडणं-झडणं, पूर्वीचा कॅन्सर, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, असं सगळं विचारून झालं. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो, म्हणून हे विचारावंच लागतं, असं तुम्ही म्हणालात. एवढं झाल्यावर मग, "काका, तुम्हाला घाबरायचं कारण मला तरी सापडलेलं नाही. आता तो कागद बघू."

मॅडम, माझे आभार मुख्यतः या क्रमासाठी आहेत. भ्यायचं कशाला आणि कशाला नाही, हे तुम्ही वेगळं करून हातात दिलंत. व्यायाम त्यानंतरचे.

रिपोर्टमध्ये चार ठिकाणी 'डिस्क बल्ज', म्हणजे दोन मणक्यांमधली गादी फुगलेली, असं होतं, शिवाय 'डिजनरेशन', म्हणजे झीज. तुम्ही म्हणालात, १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त जणांमध्ये कुठे ना कुठे गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठाकठीक अशी माणसं ३६ टक्केच. २०१५ साली अशा बऱ्याच अभ्यासांची बेरीज मांडली गेली, त्यात पन्नाशीतल्या धडधाकट माणसांमध्ये झिजलेल्या गाद्या ८० टक्क्यांना आणि फुगलेल्या ६० टक्क्यांना होत्या. म्हणजे चारातल्या तीन ओळी माझ्या वयाच्या होत्या. चौथी मात्र खरी होती, एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली. तिथली नस जिथे जाते तिथेच माझी कळ जात होती, आणि तुमच्या बोटाखाली कमी जोराने उठलेला अंगठाही तेच सांगत होता.

पेठेतल्या मंडळींसाठी सांगतो, गादी सरकत-बिरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट धरून असते. पोतं थप्पीतून हलत नाही, पण एका कडेची शिवण उसवून दाणे बाहेर येतात, तसं गादीच्या कडेतून आतला मऊ भाग बाहेर येतो, नसेला टेकतो आणि तिथे सूज येते. म्हणून चोळून, दाबून, कडकन मोडून ती 'बसवता' येत नाही. पण बाहेर आलेला हा ऐवज शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं, आणि मोठा तुकडा पुष्कळदा लहान फुगवट्यापेक्षा जास्त विरघळतो, हे ऐकून मी तुमच्याकडे दोनदा पाहिलं होतं.

ऑपरेशनला तुम्ही नावं ठेवली नाहीत, हेही लिहितो, नाहीतर लोक सोयीचं तेवढं उचलतील. पायातली ताकद उतरायला लागली, किंवा दीड-दोन महिने नीट उपचार करूनही पायातली कळ जगू देईना, तर सर्जनकडे मीच पाठवीन म्हणालात. नॉर्वेतल्या एका डॉक्टरांनी १९८३ साली छापलेला, ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या पेशंटांचा दहा वर्षांचा पाठपुरावाही सांगितलात. पहिल्या वर्षाअखेर ऑपरेशनवाले पुढे होते, चार वर्षांनी आणि दहा वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. ऑपरेशनने आराम लवकर पडतो, आणि घाई आहे की नाही ते पेशंटने ठरवायचं. मी थांबायचं ठरवलं.

मी पलंग धरून बसलो होतो, तोही तुम्ही सोडायला लावलात. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्याच, म्हणजे माझ्यासारखी पायात कळ उतरणाऱ्या, पेशंटपैकी काहींना दोन आठवडे झोपवून ठेवलं, बाकीच्यांना हिंडतं-फिरतं ठेवलं. झोपणाऱ्यांना काही जास्त फायदा झाला नाही. मग मला पालथं झोपवून कोपरांवर उठायला लावलंत. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांची गोष्ट तेव्हाच ऐकली. १९५६ साली त्यांचा एक पेशंट आधीच्या माणसासाठी डोक्याकडून उचलून ठेवलेल्या टेबलावर चुकून तसाच पालथा झोपला, आणि इतके दिवस न हटलेलं पायातलं दुखणं उठल्यावर गेलं होतं.

माझं काही इतक्या झटकन झालं नाही. पण एके दिवशी पोटरी मोकळी झाली आणि कंबर मात्र जास्त ठणकू लागली. माझं धाबं दणाणलं. तुम्ही फोनवर चक्क "वा वा!" म्हणालात. कळ पायातून वर कंबरेकडे सरकणं हे सुधारण्याचं लक्षण, आणि खाली पायात उतरणं हे उलटं, एवढी एक खूण दिलीत. त्या दिवसापासून कुठला व्यायाम चालू ठेवायचा आणि कुठला थांबवायचा हे माझं मला कळायला लागलं.

इथे एक कबुलीजबाब पेठेकडून घ्यायचाय. माझ्या व्यायामाच्या कागदाची झेरॉक्स फिरतेय असं कानावर आलंय. कृपा करून ती फाडून टाका. आमच्या एका जुन्या हमालदादांना थोडं चाललं की पाय भरून येतात, आणि पुढे वाकून हातगाडी ढकलताना बरं वाटतं. त्यांच्या मणक्यातली नळीच अरुंद झालीय, माझा मागे वाकायचा व्यायाम त्यांना जास्त दुखवील. शेजारच्या दुकानातल्या पोराची कंबर पहाटे आखडलेली असायची, तास-दीड तास सुटायची नाही आणि काम करताना मोकळी व्हायची. त्याला तुम्ही एकही व्यायाम न देता आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. तिथे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणका आखडवणारा संधिवात, निघाला. तिघांचीही कंबरदुखीच.

आमच्या आईचंही सांगायला हवं. तिने सुरुवातीला उसण म्हणून गल्लीतल्या एका पायाळू पोराकडून माझ्या पाठीला पाय लावून घेतला होता. मी हे भीत भीत सांगितलं तर तुम्ही हसला नाहीत. "पूर्वी कधी बरं वाटलं होतं का?" एवढंच विचारलंत. वाटलं होतं, आईची शप्पथ. "साधी उसण बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत आपली आपण जाते, पोराला फुकट मान मिळतो," म्हणालात. आई अजून तुमच्यावर खूश आहे, पोरही.

आणि वजन. पुढे उभा जन्म उचलायचं नाही, असं आडत्याला सांगणं म्हणजे दुकानाला कुलूप लाव म्हणणं. तुम्ही पट्टा काढायला लावलात. जुन्या कंबरदुखीसाठी पट्टे आणि वजन लावून ताणणं सरसकट वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या डिसेंबरात सांगितलंय म्हणे. मग दुकानातूनच माल मागवलात. पाच किलो आट्याची पिशवी, ती जमिनीवरून नव्हे, स्टुलावरून. पिशवी अंगाजवळ, श्वास न कोंडता, कुल्ले मागे. मग दहा किलो तांदूळ, मग स्टूल काढून जमिनीवरून, मग पंचवीसचा कट्टा. दुखलं तर लगेच सोडायचं नाही, एक पायरी खाली यायचं. "पाठ काचेची नाही, काका, तिला फक्त सवय मोडलीय." पन्नासचं पोतं आता मी दोघांत उचलतो. भीतीने नव्हे, दोघांत उचलणंच शहाणपणाचं, हे हमालांना माझ्या आधीपासून माहीत होतं.

शेवटच्या भेटीत "आता येऊ नका, रोज चाला, व्यायाम आठवड्यातून तीन-चारदा पुरे" म्हणालात. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः तोडणारा माणूस पेठेत मी पाहिलेला नाही. शाळूची पिशवी पाठवली होती, ती तुम्ही पैसे देऊनच ठेवून घेतलीत, त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाकी, आमचे एक मापाडी येत्या सोमवारी तुमच्याकडे येतील. मान दुखते, उजव्या हाताला मुंग्या आहेत. नको नको म्हणताना त्यांनी एमआरआय आधीच काढून आणलाय आणि 'बल्ज' हा शब्द पाठ करून ठेवलाय. त्यांना रागावू नका.

आपला,
भुसार पेठेतला एक आडत्या